हमीदाचा डावा हात

हमीदा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्या नातवाला पहिला प्रश्न काय विचारावा? "करंट लागला का रे?"  पलीकडून पोरगा हळूच म्हणाला, "नाही आज्जी, झोपेतच गेल्या दादी. सकाळी चहाला उठवायला गेलो, तर..." ऐंशीच्या घरातली बाई झोपेत जाते, त्यात असलं काही विचारतात का? पण मी हमीदाला ओळखते ती चौदाव्या वर्षापासून, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं, की या बाईला न्यायचं झालं तर वीजच नेईल. उभा जन्म ती विजेच्या तोंडासमोर उभी राहिली. वीज वाट बघत बसली, आणि ही बया गुपचूप झोपेत निघून गेली. तिच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

मुलानं गाडी काढली आणि आम्ही उमरग्याला गेलो. बायकांच्या खोलीत तिला न्हाऊ घालून ठेवलं होतं. तिच्या सुनेनं माझ्यासाठी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. चेहरा तोच, हनुवटीवरच्या तिळासकट. मी तो डोळे भरून पाहिला, आणि मग माझी नजर खाली तिच्या डाव्या हाताकडं गेली. पांढऱ्या कापडाखाली दोन्ही हात अंगालगत सरळ ठेवलेले कळत होते. मला ते काही बरं वाटेना. हमीदाचे दोन्ही हात एका वेळी मोकळे... असं मी तिला फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला, पण ते दोन हात मनातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसले.

मुरूमला मी सून म्हणून आले, तेव्हा चौदाची होते आणि स्वतःला चाळीसची समजत होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथल्या जिनिंग कारखान्यात मुनीम. कारखान्याच्या आवारातच आमचं घर. आमचे हे गुलबर्ग्याला शिकायला, त्यामुळं मला नवरा होता तो फक्त गळ्यातल्या काळ्या मण्यांत. निजामाचं राज्य, बाहेर जगात लढाई चाललेली. गावात सगळीकडं कंदील, पण कारखान्याच्या आवारात आणि शेठच्या बंगल्यात विजेचे दिवे. इंजिनाच्या पट्ट्यावर जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, चालायची आणि त्याच पट्ट्यावर डायनामोही फिरायचा. त्यातून ही वीज व्हायची. पहिल्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा मी हात जोडले, आणि विझला तेव्हा काच पुसायला फडकं घेऊन उभी राहिले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "राहू दे गं, त्याला काजळी धरत नाही." मी म्हटलं, "आज धरली नसंल." असं माझं ज्ञान होतं, आणि तोरा मात्र असा की मुरूमच्या बाजाराला मी आल्यामुळंच कळा आली.

इंजिनखोली आमच्या परसाला लागून. तिथले मिस्त्री म्हणजे इस्माईलचाचा, आणि त्यांची मुलगी हमीदा. माझ्याच वयाची, किडकिडीत, आई नसलेली. कारखान्यानं दिलेल्या दोन खोल्यांत बाप-लेक राहायचे. ती दिवसभर बापाच्या मागं इंजिनखोलीत. डोक्यावरची ओढणी डाव्या हातानं छातीशी घट्ट धरलेली, काम करायचा तो एकटा उजवा हात. मला वाटलं, लाजते. इंजिनाला कोण लाजतं? मी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पाडलं, एकहाती. "काय गं एकहाती, दुसरा हात माहेरी ठेवलास का?" ती म्हणायची, "हौ. तुझी अक्कल जिथं ठेवली, तिथंच." अशी आमची मैत्री झाली.

ती लाजत नव्हती, हे मला पुढं कळलं. इंजिनखोलीच्या भिंतीत काळ्या दगडाची एक उभी फरशी बसवलेली होती. तिच्यावर पितळेचे खटके, पितळेचे बोल्ट, सगळं उघडं. हात लावला की खेळ खलास. तार जिवंत आहे की नाही, हे बघायला मिस्त्रींकडं एक मीटर होतं. लाकडी पेटी, तिला काच, काचेमागं सुई. पेटीतून दोन वायरी निघायच्या. काळीच्या टोकाला लाकडी मुठीचा चिमटा, लालच्या टोकाला लाकडी मुठीचा टोचा. चिमटा एकदा लावून टाकायचा आणि मग उजव्या हातानं नुसता टोचा टेकवायचा. दुसऱ्या हाताला काम म्हणून द्यायचंच नाही. दोन्ही हात तारांत गुंतले आणि चूक झाली, तर वीज या हातातून शिरते, त्या हातातून निघते, आणि वाटेत काळीज असतं. हमीदा लहान असताना चाचांनी तिला हे समजावलं, पण पोर ती, डावा हात सारखा मदतीला यायचा. मग त्यांनी त्या हाताला कायमचं काम लावून दिलं... ओढणी धरायचं. गाव म्हणायचं, मिस्त्रीची पोरगी मोठी मर्यादेची. मिस्त्री म्हणायचे, "माशाल्ला."

आणखीही पुष्कळ होतं त्यांचं. पायाखाली कोरडा पाट, आमच्या जेवणाच्या पाटासारखाच. हात ओला नको. वायरीवरचं कापड कुठं विरलं का, ते आधी बोटानं चाचपायचं. मीटरला मापं दोन, एक मोठं, एक लहान. किती वीज आहे ते ठाऊक नसेल तर आधी मोठंच लावायचं, नाहीतर सुई फटकन पलीकडं आदळून मरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या तारेत वीज आहे हे नक्की माहीत आहे, तिथं आधी टोचा टेकवून सुई हलते का बघायचं. मग संशयाच्या तारेवर. मग पुन्हा पहिल्या तारेवर. मी म्हटलं, "एकदा बघितलं ते पुरे की! सारखं काय तेच तेच?" हमीदा म्हणाली, "सुई हलली नाही म्हणजे तार मेली, का मीटर मेलं, कसं कळणार तुला?" मी विचार केला आणि म्हटलं, "वास घेऊन." हे मी खरंच म्हटलं. तिनं पुढची साठ-पासष्ट वर्षं ते चारचौघांत सांगितलं.

चाचा मला त्या खोलीत फार वेळ उभं राहू द्यायचे नाहीत. "बेटा, दूर से." मला राग यायचा. मुनिमाच्या सुनेला दूर से? एक दिवस ते माझ्याकडं तोंड करून उभे होते, आणि मी, लग्न झालेली बाई, त्यांना सरळ जीभ काढून वेडावून दाखवलं. चाचा हसले. म्हणाले, "कोण, सरू बेटा? जीती रहो." मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! तेवढ्यात हमीदानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर पिंपळाखाली नेलं. तिचे डोळे भरले होते आणि रागही तेवढाच. "चाळे करू नकोस. अब्बांना दिसत नाही."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजेड-अंधार कळायचा, माणसाची सावली कळायची, सुई नाही. इंजिनाचा आवाज ऐकून ते सगळं सांगायचे, बोल्ट हातानं ओळखायचे, पण काचेमागच्या सुईला काही हात लावता येत नाही. ती सुई तीन हंगाम हमीदा वाचत होती. ते पेटी धरायचे, ती टोचा टेकवायची आणि आकडा सांगायची. पुढं काय करायचं ते चाचा सांगायचे. सोलापूरला ऑपरेशन होतं म्हणे, पण तिकडं जायचं म्हणजे महिनाभर जागा सोडायची, आणि का सोडायची ते शेठला सांगायचं. आंधळ्या मिस्त्रीला कोण ठेवील? जागा गेली की त्या दोन खोल्या गेल्या. "आम्हाला दुसरं गाव नाही, सरू," ती म्हणाली. "तू मुनिमांची सून आहेस. तुझ्या पोटात राहील का हे?"

माझ्या पोटात तोवर काहीच राहिलं नव्हतं. आत्याबाईंनी फडताळात लाडू लपवले, तर कुठं लपवले ते मी स्वतः दिरांना सांगून यायची. पण त्या दिवशी म्हटलं, "राहील." आणि घरी जाऊन, कुणी काही विचारू नये म्हणून, मी इतकी गप्प बसले की आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली.

गुपित सांभाळायचं तर त्यात आपणही असावं, असं मला वाटू लागलं. दुपारी चाचा नमाजला गेले की मी खोलीत हजर. हमीदा म्हणायची, पाटल्या काढ, गोठ काढ, काचेचा चुडा राहू दे, काचेला वीज घाबरत नाही पण काचेतून जातही नाही. पाटल्या मी काढल्या. गळ्यातलं कसं काढणार? सवाष्णीनं गळा मोकळा ठेवायचा नसतो, तेही नवरा परगावी असताना. "मग आत तरी घाल, लोंबतंय ते," ती म्हणाली. मी म्हटलं, "वाट्या दिसल्या नाहीत तर माझं लग्न झालंय हे लोकांना कळणार कसं?" आणि सुई नीट दिसावी म्हणून वाकले.

मंगळसूत्र झोका घेऊन पुढं गेलं आणि दोन्ही वाट्या शेजारशेजारच्या दोन बोल्टांना बिलगल्या. भक्कन उजेड झाला, टाळी वाजावी तसा आवाज, सोनं जळल्याचा एक विचित्र वास. त्याच क्षणी कुणीतरी मला पदराला धरून मागं खेचलं आणि मी पाटावरून खाली आपटले. हमीदानं खेचलं होतं, एका हातानं, तेही नुसत्या कापडाला धरून. अंगाला बोट लावलं नव्हतं. जिवावरचं संकट गेलं होतं, आणि मी जमिनीवर बसून काय म्हणाले असेन? "माझ्या पदराला हात घातलास?" ती हसायला लागली. मग रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो. डाव्या वाटीच्या कडेला दाण्याएवढी काळी खाच पडली होती.

खरं सांगावं तर, तू तिथं काय करत होतीस, आणि मिस्त्री नसताना पोरगी मीटर घेऊन काय करत होती, हे सगळं निघालं असतं. वाटीला खाच म्हणजे नवऱ्याच्या जिवाला अपशकुन, तेही होतंच. आत्याबाईंना ती खाच दोन दिवसांत दिसली. मी तयारच होते. म्हटलं, "उंदरानं कुरतडली."

आत्याबाईंनी वाटी उजेडात धरली. उलटून पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. "सोनं?"

"व्हय."

"गळ्यात असताना?"

"झोपले होते मी."

"बरं," म्हणाल्या. "लई मोठ्या घरचा उंदीर दिसतोय." आणि पुन्हा त्यावर कधी बोलल्या नाहीत. मला वाटलं, काय माझी हुशारी!

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा असते. शेतकरी नांगराला कुंकू लावतो, सुतार वाकसाला, आणि कारखान्यात इंजिनाला. त्या दिवशी इंजिन बंद ठेवून धुवायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, शेठनं नारळ फोडायचा, मग शकुनापुरतं इंजिन सुरू करून पहिल्या जिनाची पूजा सवाष्णीच्या हातून. तो मान आत्याबाईंचा. माळा ओवायच्या जिनवर काम करणाऱ्या बायका. लढाईचे दिवस, बाजारात सुताचं रीळ मिळेना. कापसाच्या कारखान्यात दोरा नाही! मग कुणीतरी भंगारातली तांब्याची बारीक तार आणली आणि तिच्यात टपोरे झेंडू ओवले. दोऱ्याहून छान, माळ कशी ताठ. ती बांधायला जागाही आयती होती. दगडी फरशीवरचा जिनच्या दिव्यांचा खटका उघडा, म्हणजे वीज तोडून, टाकला होता, त्याचं वरचं पितळ आणि खालचं पितळ खुंट्यांसारखं पुढं आलेलं. एक टोक वर, एक टोक खाली, मधे झेंडूची झोळी. आम्ही सगळ्या बायकांनी कौतुक केलं. मी तर म्हटलं, "लक्ष्मीच दिसतीया."

इंजिन सुरू झालं, शेठनं नारळ फोडला, सगळी मंडळी जिनच्या दालनात गेली. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, दिवे काढून पेटीत ठेवलेले. पहिल्या जिनावर छतापासून दिव्याची वायर लोंबत होती. तिचं टोक तुटलेलं, आतल्या दोन्ही तारा उघड्या, आणि नेमक्या पूजा करणाऱ्या बाईच्या कपाळाशी. आत्याबाई हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं निघाल्या. हात पाण्यानं आणि हळदीनं ओले. कुणीतरी म्हणालं, ती वायर बाजूला करा. चाचा मागून म्हणाले, "ठहरो. आधी बघून घेतो."

शेठ घाईत होते, मुहूर्त चालला होता. "मिस्त्री, खटका उघडा आहे. आम्ही सगळ्यांनी पाहिला की!"

"व्हय मालक. तरी बघतो."

त्यांनी पेटी छातीशी धरली. हमीदा शेजारी. बायकापुरुषांनी दालन भरलं होतं, आणि एवढ्या पुरुषांसमोर ती कधी आली नव्हती. ओढणी डोळ्यांपर्यंत, डाव्या मुठीत गच्च. आधी ती बापाला घेऊन परत इंजिनखोलीत गेली, डायनामोच्या तारांवर टोचा टेकवून आली. म्हणजे मीटर बोलत होतं. मग पाट टाकला, काळा चिमटा एका तारेला, लाल टोचा दुसरीला.

मी तिच्यामागंच होते. सुई झपकन उठली आणि उभी राहिली. मी पाहिलं. हमीदानं पाहिलं. चाचांनी नाही. ते वाट बघत होते. रोज ती सहज आकडा सांगायची, कारण रोज खोलीत तिसरं कुणी नसायचं. आज ती बोलली, तर मीटर कोण वाचतं ते सगळ्यांना कळणार. घर, जागा, बापाची अब्रू, सगळं त्या एका शब्दावर. आणि आत्याबाईंनी मुहूर्त टळू नये म्हणून तेवढ्यात एक पाऊल पुढं टाकलेलं, ओला हात उचललेला...

मी सांगायला तोंड उघडलं. गावभर बडबडणारी मी, माझ्या तोंडातून हवा निघाली फक्त. ओरडली ती हमीदा. "हात लावू नका, चाची! तार जित्ती है!"

आत्याबाई जागच्या जागी थिजल्या. ताटातलं कुंकू सांडलं. सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं, कारण मीटर त्यांच्या हातात होतं. आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की पेटीची काच चाचांच्या तोंडाकडं नाही, हमीदाकडं आहे. पेटी धरणाऱ्याला सुई दिसण्याची सोयच नव्हती. तीन-चार वर्षं ते तसंच धरत होते, आणि आम्हाला ते कधी वावगं दिसलं नव्हतं.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "मीटर असं का धरलंय?"

 चाचांचा चेहरा मला बघवेना.

"ते तसंच धरतात, शेठ," मामंजी म्हणाले. मुनिमाचा तोच रोजचा आवाज, कापसाच्या गाठी किती झाल्या सांगताना असतो तसा. "मिस्त्रींना दिसत नाही. पोरगी वाचते, काय करायचं ते मिस्त्री सांगतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला या आवारातली माणसं सांजच्याला घरी गेलेली बघायची असतात. या तीन हंगामांत माझं एक माणूस कमी पडलं नाही. म्हणून विचारलं नाही."

 इंजिनाची धडधड चालूच होती. आणि त्यात, शेठसमोर जन्मात तोंड न उघडलेल्या आत्याबाई पदराआडून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सोनं खाणारा उंदीर सापडला म्हणायचा." म्हणजे माझी ती हुशारी! घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि मी वर्षभर गुपित सांभाळायचं म्हणून पोटदुखी काढत होते.

आधी इंजिन बंद केलं. मग हमीदानं खटक्यावरची माळ पाहिली आणि झेंडू बाजूला सारून आतली तांब्याची तार शेठना दाखवली. खटका उघडा होता, पण माळेनं तो जोडून ठेवला होता. शेठनी ती माळ हातात घेतली, बराच वेळ फिरवली. त्यांनी रागावण्यासाठी कुणाला शोधलं असतं तर आम्ही वीस जणी होतो. पण नारळाचा तुकडा उचलून त्यांनी हमीदापुढं केला. हमीदानं उजवा हात पुढं केला, डावा ओढणीतच. प्रसादाला दोन हात करावेत, तर तिला तो हात सोडवेना, बोटं आखडून गेली होती. चाचांना कसं कळलं देव जाणे. त्यांनी तिच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छोड़ बेटा. काम झालं. आता दुसरा हात काढ."

तिची मूठ सुटली, ओढणी खांद्यावर आली, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तिनं ते खोबरं घेतलं.

शेठनी चाचांना सोलापूरला पाठवलं. जागा तशीच ठेवली, महिनाभर हमीदानं आणि इंजिनात तेल घालणाऱ्या माणसानं मिळून सांभाळलं. चाचा जाड भिंगाचा चष्मा लावून परत आले, एका डोळ्यानं बरं दिसायला लागलं होतं. मी खात्री करून घ्यावी म्हणून लांबून जीभ काढली. चाचा म्हणाले, "बेटा, जीभ अंदर. बहोत लंबी है."

त्यानंतर वाईट दिवस आले. निजामाचं राज्य जाताना आधी एकांना भीती, मग दुसऱ्यांना. काही दिवस हमीदा आणि चाचा आमच्या आतल्या खोलीत होते आणि मामंजी दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. हमीदाही बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, "तुझ्या आत्याबाई मला रोज आपल्या ताटाशेजारी बसवायच्या."

पुढं चाचा आपलं मीटर घेऊन उमरग्याला गेले, तिथंच वारले. हमीदाचं लग्न मोटारी भरणाऱ्या, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणाऱ्या, कारागिराशी झालं. दुकान पुढं, पडद्यामागं हमीदा. नवरा मोटार भरायचा, ती मीटर लावून पास करायची. तिनं मान हलवल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर पडायची नाही. कितीतरी विहिरींवरची पाणी उपसणारी मोटार त्या पडद्यामागून पास होऊन गेली असेल, आणि माणसं मात्र पुढं बसलेल्या तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायची. तिला त्याचं काही नव्हतं. "त्यांचं नाव, माझी झोप," म्हणायची. "तपासून दिलं की झोप लागते."

आमच्या घरी सरकारी वीज आली तेव्हा मी हट्टानं तिला बोलावलं. आली, दारातच म्हणाली, "पाटल्या काढ." माझ्या नातेवाइकांच्या गर्दीत मला पाटावर उभं करून टोचा हातात दिला, आणि मी सुईकडं बघताना वाकले तशी तिनं पदराला धरून मागं ओढलं. वर सगळ्यांना म्हणाली, "हिला वासानं कळतं." आमचे हे त्या खाचेवरून मला आयुष्यभर चिडवत राहिले, की माझं आयुष्य तेवढ्या दाण्याएवढं कमी झालं बघ. ऐंशीला तीन कमी असताना गेले. दाणाच कमी पडला म्हणायचा. ती वाटी आता डबीत आहे.

शेवटची भेट झाली ती गेल्या उन्हाळ्यात. तिला नीट ऐकू येत नव्हतं, मला नीट दिसत नव्हतं. टीव्हीची वायर सुनेनं ओल्या हातानं ओढली, तशी ही खाटेवरून ओरडली, आणि आवाज इतका खणखणीत की मी पुन्हा त्या जिनच्या दालनात जाऊन उभी राहिले. मग दमून म्हणाली, "सरू, या पोरांना वाटतं मी डरपोक आहे." मी म्हटलं, "आहेसच. म्हणून आम्ही आहोत." ती हसली. कळलं का ऐकू आलं नाही, ठाऊक नाही.

परवा तिच्या नातवानं ते मीटर मला आणून दिलं. दादींनी सांगून ठेवलं होतं म्हणे. पेटीचं लाकूड काळं पडलंय, काचेला एक तडा, वायरी नव्या घातलेल्या. धाराशिवच्या आमच्या घरात ते देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलंय. नातसुनेला वाटतं जुना काटा आहे, काहीतरी तोलायचा.

आणि माझी एक सवय या घरात सगळ्यांच्या चेष्टेची आहे. पंख्याचं बटण असो, मिक्सर असो, नळाची मोटार असो, मी उजवा हात पुढं करते तेव्हा डावा आपोआप पदराचं टोक धरून पाठीमागं जातो. पोरं म्हणतात, आज्जी विजेला लाजते. काल संध्याकाळी मी दिवा लावला. उजेड पडला, बटणावरचा हात खाली आला, खुर्चीत येऊन बसले, पेपरही उचलला. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, डावी मूठ अजून पदरावर आवळलेलीच आहे. सोडायला हरकत नव्हती. काम झालं होतं... पण ते सांगायचं माणूस आता कुणी उरलं नाही, म्हणून तशीच बसून राहिले.